कुंपणासाठी दिलेली देणगी

श्रोतेहो, नमस्कार. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन आपण प्राणिसंग्रहालयात जातो, तिकीट काढतो, आणि तेवढ्याने त्या संस्थेचे देणे फिटले असे समजून घरी परततो. 2020 साली टाळेबंदीत तिकीटखिडक्या बंद झाल्या, तेव्हा वाघासाठी लागणारे मांस, हत्तीचा चारा, औषधे आणि राखणाऱ्यांचे पगार यांपैकी काहीही थांबवता येण्यासारखे नव्हते. म्हणून आपल्याला लहर आली तेव्हाच नव्हे, तर ठरवून, पुढच्या वर्षांचा विचार करून प्राणिसंग्रहालयाला देणगी द्यावी, हे मला आज आग्रहाने सांगायचे आहे.

या संदर्भात अमेरिकेतील सॅन डिएगो शहराची एक हकिकत मला फार प्रिय आहे. तिथे 1915 आणि 1916 अशी दोन वर्षे एक मोठे प्रदर्शन भरले होते आणि त्यात काही जनावरेही पिंजऱ्यांत ठेवलेली होती. सप्टेंबर 1916 मध्ये हॅरी वेजफोर्थ नावाचे शल्यचिकित्सक आपल्या भावाबरोबर मोटारीतून त्या बाजूने जात असताना रेक्स नावाच्या सिंहाची डरकाळी त्यांच्या कानी पडली, आणि या शहराला स्वतःचे प्राणिसंग्रहालय असावे, ते आपणच उभारावे, असे त्यांच्या मनाने घेतले. 2 ऑक्टोबर 1916 रोजी संस्था स्थापनही झाली. पुढे 1921 साली शहराने बाल्बोआ पार्कमध्ये कायमची जागा दिली. जनावरे होती, जागा होती, उत्साह तर भरपूर होता. पण ती जागा चहूबाजूंनी उघडी होती. कुणीही, कुठूनही आत यावे आणि पाहून जावे, अशा ठिकाणी प्रवेशशुल्क घेणार कसे?

अशा वेळी एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स या बाई पुढे आल्या. 1836 साली लंडनमध्ये जन्मलेल्या या बाईंनी तरुणपणी शिक्षिकेची नोकरी केली, आपली शिल्लक भावाच्या वृत्तपत्रात गुंतवली, त्याच वृत्तपत्रात लेखनही केले आणि त्यातून मोठी संपत्ती मिळवली. त्यांनी प्राणिसंग्रहालयाला काय द्यावे? त्यांनी सबंध आवाराभोवतीच्या कुंपणाचा खर्च दिला. पाहायला येणारा माणूस सिंहापुढे थांबतो, कुंपणापुढे कुणीही थांबत नाही. तरीही त्या कुंपणामुळेच दाराशी पैसे घेता येऊ लागले आणि संस्थेला स्वतःची मिळकत सुरू झाली. पुढे पक्ष्यांच्या भव्य पिंजऱ्याला आणि प्राण्यांच्या इस्पितळालाही त्यांनी हात दिला. परंतु, श्रोतेहो, पहिले मोल मी कुंपणाचेच मानतो, कारण त्या देणगीने संस्थेला रोज मागायला लावले नाही, रोज मिळवायला शिकवले. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी बसवण्याची आपल्याकडची हौस मला म्हणूनच खटकते. त्या पाटीच्या खर्चात एखाद्या आजारी माकडाची औषधे सहज येतील.

आपल्याकडे याची सुरुवात प्राणी दत्तक योजनेने करता येते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती योजना आहे, म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयातही आहे. दत्तक घेतलेला बिबट्या अर्थातच तिथेच राहतो. आपण त्याच्या पालनपोषणाचा भार ठरावीक मुदतीसाठी उचलतो. मुलाच्या वाढदिवसाला फुगे आणि केक यांवर उधळण्यापेक्षा हा खर्च कितीतरी चांगला. मात्र मुदत संपली की नूतनीकरण करावे, कारण प्राण्याची भूक आपल्या उत्साहाबरोबर संपत नाही.

दुसरी वाट मृत्युपत्राची. अमेरिकेत रक्कम आधी सोपवून हयातभर तिच्यावर ठरावीक उत्पन्न घ्यायचे आणि उरलेले पश्चात संस्थेला जावे, अशीही सोय आहे. आपल्याकडे साधे मृत्युपत्र पुरते. मुलाबाळांचे वाटे झाल्यावर एक हिस्सा, मग तो कितीही लहान असो, प्राणिसंग्रहालयाच्या नावे लिहिता येतो. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक नेमावा आणि घरच्यांना हे हयातीतच सांगून ठेवावे. नाव मात्र नेमके लिहा. नुसते ‘कात्रजचे प्राणिसंग्रहालय’ असे लिहून भागणार नाही. ते पुणे महानगरपालिकेचे आहे, तेव्हा देणगी कोणाच्या नावे आणि कोणत्या खात्यात स्वीकारली जाते, हे तिथल्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. करसवलत हवी असेल, तर अशा देणगीवर आयकरात सूट मिळते का, हेही त्याच भेटीत विचारावे.

आणि पुन्हा सांगतो, नाव नेमके लिहा, पण अट सैल ठेवा. ‘अमुक वाघासाठी’ असे लिहिलेत, तर मृत्युपत्र उघडेल तेव्हा तो वाघ असेलच असे नाही, आणि पैसे अटीत अडकून पडतील. त्याऐवजी ‘प्राण्यांच्या देखभालीसाठी, त्या वेळी ज्या कामाची निकड असेल त्यासाठी’ असे लिहा. मग त्यातून मांस साठवण्याचे शीतगृह होवो, तुंबलेले गटार दुरुस्त होवो किंवा आवाराचे कुंपण होवो.