निम्मं बाजूला काढा!

नमस्कार मंडळी! कॉम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे कॉम्प्युटरवाले करतात तसा पद्धतशीर विचार करून प्रश्न सोडवणं, असं म्हटलं की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो, वाटतं आता या वयात कोडिंग शिकायचं की काय. तसं काही नाहीये हो. जेनेट विंग नावाच्या कॉम्प्युटर सायंटिस्ट बाईंनी 2006 मध्ये यावर एक छोटासा लेख लिहिला आणि तेव्हापासून याची खूप चर्चा सुरू झाली, आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की लिहिणं, वाचणं, गणित जसं सगळ्यांना यावं तसंच हेही यावं, फक्त प्रोग्रामर लोकांना नाही.

आज त्यातली एकच युक्ती घेऊया, मला सगळ्यात जास्त कामाची वाटते ती. समजा मी 1 ते 1000 मधला एक आकडा मनात धरला. तुम्ही एकेक आकडा विचारत बसलात तर संध्याकाळ होईल, पण "500 पेक्षा मोठा आहे का?" असं विचारलंत की उत्तर काहीही येवो, निम्मे आकडे बाद! असं करत करत जास्तीत जास्त दहा प्रश्नांत आकडा सापडतो. दहा लाखांपर्यंतचा असला तरी वीसच प्रश्न, खरंच, करून बघा.

आता हेच हिशोबाच्या वहीला लावा. महिनाअखेर तुमची शिल्लक आणि बँकेची शिल्लक जुळत नाहीये, नोंदी आहेत दोनशे. आपण काय करतो, पहिल्या ओळीपासून टिक करत सुटतो. त्यापेक्षा थेट मधल्या नोंदीपाशी जा, तिथली शिल्लक जुळते का बघा. जुळली तर चूक पुढच्या भागात, नाही जुळली तर आधीच्या भागात, मग त्या भागाचा पुन्हा मध्य. आठेक वेळा बघितलं की चुकीची ओळ समोर. एक सापडली म्हणून थांबू नका मात्र, दुसरीही असू शकते, दुरुस्त करून शेवटची शिल्लक परत ताडून बघा. प्रोग्रामर लोक कोडमधला बिघाड नेमका कुठल्या बदलामुळे आला ते असंच शोधतात, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात बायसेक्ट नावाची कमांडच आहे त्यासाठी.

पण हे चालतं कारण नोंदी तारखेनुसार लावलेल्या असतात. कागदांचा नुसता ढीग असेल तर मध्य बघून काही कळत नाही, आधी लावून घ्यावा लागेल. आणि इथे माझं मत जरा वेगळंय, वर्षातून एकदा लागणारे कागद लावत बसूच नका, शोधायला दहा मिनिटं जातील ती जाऊ द्या, लावण्यात अख्खा रविवार जातो त्याचं काय?

आणि काही ठिकाणी निम्मं बाद करायची सोयच नसते. दहा ठिकाणची कामं एका फेरीत करायची असतील तर क्रम किती होतात माहितीये? 36,28,800! सगळ्यात भारी क्रम शोधायच्या नादी लागू नका, जे लवकर बंद होतं ते आधी उरका आणि मग जवळचं जवळचं करत जा, थोडा फेरा पडला तर पडला.