अर्धचंद्र छावणी : व्ह्युन्सडॉर्फचे बंदिवान आवाज

(दृश्य : पाइनचं रान, वाळूची वाट)

बर्लिनपासून दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर, त्सोसेन गावाजवळ व्ह्युन्सडॉर्फ आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी इथे युद्धकैद्यांची एक छावणी वसवली, 'हाल्बमोंडलागर', म्हणजे अर्धचंद्र छावणी. फ्रेंच आणि ब्रिटिश फौजांतून पकडलेले चार-पाच हजार सैनिक इथे होते, बहुतेक मुसलमान. हिंदुस्थानी शिपायांसाठी, म्हणजे शीख, हिंदू, गुरखे यांच्यासाठी, वेगळा भाग होता : 'इंडरलागर'.

इथे कैद्यांना नुसतं कोंडून ठेवायचं नव्हतं, त्यांचं मन वळवायचं होतं. ब्रिटिशांच्या फौजेतला माणूस जर्मनीचा मित्रदेश असलेल्या तुर्कस्तानच्या बाजूने लढायला तयार व्हावा, ही जर्मन मुत्सद्दी माक्स फॉन ओपेनहाइम यांची योजना. त्यासाठी छावणीत लाकडी मशीद बांधली आणि 13 जुलै 1915 ला ती उघडली. नमाजासाठी जर्मन भूमीवर उभी राहिलेली ही पहिली मशीद. 'हिंदोस्तान' नावाचं प्रचारपत्र हिंदी आणि उर्दूतून वाटलं जाई. बर्लिनच्या भारतीय स्वातंत्र्य समितीची माणसंही इथे येत. एवढं करून हिंदुस्थानी शिपाई फारसे फिरले नाहीत.

त्याच सुमारास भाषाशास्त्रज्ञ छावणीत आले. इतक्या भाषा बोलणारी माणसं, तीही तारेच्या कुंपणाआड, अशी संधी त्यांना एरवी मिळाली नसती. 1915 मध्ये प्रशियाच्या सरकारने ध्वनिमुद्रण आयोग नेमला. विल्हेल्म डोगेन त्याचं काम बघत.

(दृश्य : ध्वनिमुद्रणाचा कर्णा)

तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरत नसत. माणसाने कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून बोलायचं. आवाजाने पातळ पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर खाच कोरत जाई. मेण थंड असलं तर खाच नीट उठत नाही, म्हणून तबकडी आधी कोमट करावी लागे. बोलणारा किंचित मागे सरकला की आवाज पुसट होई, फार जवळ आला की फाटे. शब्द चुकला तर खोडता येत नसे, तबकडी वाया जाई. म्हणून मजकूर आधी लिहून घेत, तो पाठ करून घेत आणि मगच यंत्र सुरू करत. एका तबकडीवर जेमतेम काही मिनिटं मावत. पुढे मेणावरून धातूचा ठसा काढून लाखेच्या तबकड्या छापल्या जात.

प्रत्येकासाठी एक छापील फॉर्म असे : नाव, जन्मगाव, आईवडील कुठले, मातृभाषा, शिक्षण, धर्म, धंदा. आवाज कसा आहे, याचाही शेरा. घरी कोण वाट बघतंय, हा रकाना त्यात नव्हता. आयोगाला उच्चार हवे होते, माणसाचं म्हणणं नव्हे. म्हणून कित्येकांकडून बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्टच वदवून घेतली.

तरीही काहीजण स्वतःचं बोलून गेले. 11 डिसेंबर 1916 ला माल सिंग पंजाबीत बोलला. 'एक माणूस होता' अशी त्याने सुरुवात केली. हा माणूस हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा. इंग्रजांच्या नोकरीत गेला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला. आता त्याला घरी जायचंय. आणखी दोन वर्षं इथेच राहिला तर मरेल. हे सगळं सव्वा मिनिटाच्या आसपास. त्याने 'मी' म्हटलं नाही, पण बोलला ते स्वतःबद्दलच.

त्याची भीती खोटी नव्हती. इथल्या थंडीत क्षयाने माणसं जात होती. 1917 मध्ये बऱ्याच हिंदुस्थानी कैद्यांना रुमानियातल्या छावणीत हलवलं.

(दृश्य : त्सेहरेन्सडॉर्फची कबरस्थानं)

जे गेले ते जवळच त्सेहरेन्सडॉर्फला आहेत : 206 हिंदुस्थानी. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जागा सोव्हिएत लष्कराच्या सरावक्षेत्रात गेली आणि मोडकळीला आली. 2005 मध्ये तिची पुन्हा उभारणी झाली.

मशीद आता नाही. बराकी नाहीत. माल सिंगची तबकडी बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे. ती लावली की आधी खरखर येते, आणि मग त्याचा आवाज.