रुग्णवाहिकेत बसण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

बारावीनंतरच्या प्रवेशांचे दिवस आले की मुलंमुली मला विचारतात, "सर, ईएमटीला नाव घातलंय. वर्ग सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर कोणतं पुस्तक वाचू?" आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. अपघात, छातीतली कळ, सर्पदंश, अडलेली बाळंतीण, अशा वेळी रुग्णवाहिका घेऊन पोचणारा आणि दवाखान्याच्या दारापर्यंत त्या जिवाला सांभाळणारा माणूस.

पुस्तक वर्गात मिळेलच. त्याआधी हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का ते घरी विचारा. या कामात रक्ताशी आणि सुयांशी रोजचा संबंध येतो. मोठ्यांसाठी या लसीचे सहसा तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे प्रशिक्षण सुरू झाल्यावर जागं होऊन उपयोग नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारून घ्या.

फी भरण्याआधी संस्थेलाही थोडं विचारा. प्रमाणपत्र कोणाच्या मान्यतेचं आहे? कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, किती तास उभं राहायला मिळेल, प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर किती? नुसत्या फळ्यावर हे काम शिकता येत नाही. नोकरीचीही चौकशी करा. आपल्या महाराष्ट्रात 2014 पासून सुरू असलेल्या 108 रुग्णवाहिका सेवेच्या गाडीत डॉक्टर असतात. गोव्यात 2008 पासून ही सेवा आहे, तिथे गाडीवर ईएमटी असतो. खासगी रुग्णालयं, कारखाने, विमानतळ यांनाही प्रशिक्षित माणसं लागतात. आपल्याला कुठे काम करायचं आहे, हे डोळ्यांपुढे ठेवून संस्था निवडा.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. मोजायला शिका, आणि आजपासून शिका. सेकंदकाटा असलेलं साधं मनगटी घड्याळ घ्या. घरातल्या माणसाचा हात हातात घ्या, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर आपली दोन बोटं ठेवा आणि नाडी मोजा. आपला अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण 60 ते 100. मग हात तसाच धरून ठेवा आणि छातीकडे बघत श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. श्वास मोजतोय हे मात्र सांगू नका, सांगितलं की माणसाचा श्वास बदलतो. मोठ्यांचा 12 ते 20 च्या आसपास भरेल, लहान बाळाचा बराच जास्त. आजोबांचा मोजा, पळून आलेल्या भावाचा मोजा, झोपलेल्या बहिणीचा मोजा. निरोगी श्वास कसा दिसतो हे डोळ्यांत बसलं, की बिघडलेला श्वास खोलीत शिरताच कळतो. यंत्रं गाडीत असतात, पण बोट गार पडलं किंवा नखांना रंग असला की बोटाला लावलेला, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. तेव्हा आपली नजरच कामाला येते.

शरीरही तयार करा. सीपीआर देताना, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबताना, मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे, छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके. दोन मिनिटांत धडधाकट माणूसही थकतो, म्हणूनच दाब देणारा माणूस बदलायला सांगतात. चाळीच्या अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर उतरवायचं तर जोर मांड्यांचा हवा, कमरेचा नको. रोज बैठका मारा. मुलींनाही हेच सांगतो, आणि त्या हे काम उत्तम करतात.

तुमच्या तालुक्याचा अभ्यास तर कोणताच वर्ग करून देणार नाही. पावसाळ्यात कोणता फरशी पूल पाण्याखाली जातो? रात्री सिझेरियन कुठे होतं? सापाच्या विषावरची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात असते? स्वतः जाऊन विचारा, वहीत लिहून ठेवा. साप चावलेल्याला आवळून बांधायचं नाही, जखम कापायची नाही, चोखायची तर मुळीच नाही. तो अवयव हलू न देता लस असेल तिथे लवकर पोचवायचं. मग ती लस कुठे आहे हे आपल्याला पाठच हवं.

आणि ऐकून घ्यायची सवय लावा. मधुमेह असलेल्या म्हातारीला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. "दरदरून घाम सुटला, गळून गेल्यासारखं झालं," एवढंच ती सांगेल. तिला मध्येच तोडलंत तर तेवढंही कळणार नाही. शेजारच्या वृद्धांजवळ बसा, दुखणं विचारा, कधीपासून आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारा. पुढे हेच प्रश्न तुम्हाला गाडीत विचारायचे आहेत.

रक्त बघून भोवळ येईल का, ही भीती पुष्कळांना असते. ती बहुतेकदा सरावाने जाते. माणूस हातात असताना जातो, ते दुःख मात्र सरावाने जात नाही. त्या दिवशी कोणाशी बोलायचं, ते आधीच ठरवून ठेवा.

आईवडिलांनो, एक विनंती तुम्हालाही. तुमच्या मुलाची किंवा मुलीची रात्रपाळी असेल तेव्हा ती दिवसा झोपतील. खोलीत अंधार करून द्या, आणि घरी पाहुणे आले तरी त्यांना उठवू नका.

नमस्कार.