चौरसाच्या पोटातली बाग

श्रोतेहो, नमस्कार. शहर एक तर दाट असेल किंवा हिरवे असेल, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत मला मान्य नाही आणि त्यासाठी मला आवडणारी स्पेनमधल्या बार्सिलोनाची गोष्ट आज सांगतो.

१८५४ मध्ये त्या शहराची जुनी तटबंदी पाडायला सुरुवात झाली आणि तटाबाहेर नवे शहर वसवण्याचा आराखडा इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये मांडला. तटाच्या आतल्या कामगारवस्तीचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत माणसे किती लवकर मरतात, याची आकडेवारी त्याने जमवली होती. म्हणून त्याने सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस आखले, त्यांच्या दोन, फार तर तीन बाजूंना इमारती ठेवल्या आणि मधली जागा बागेला दिली. पुढे तिसरी बाजू बांधली गेली, मग चौथी, मग मजले चढले आणि अखेरीस मधल्या जागेत कारखाने आणि गोदामे उभी राहिली. प्रत्येक वेळी दिलेली सवलत लहानशीच होती, पण बाग पूर्ण गेली.

१९८०च्या दशकात तिथल्या एका चौरसाचे पोट मोकळे केले गेले. रस्त्यावरून काहीच दिसत नाही. इमारतीखालच्या बोळातून आत गेले, की विटांचा जुना पाण्याचा मनोरा समोर येतो आणि त्याच्या पायथ्याशी गुडघाभर पाण्याचा तलाव, ज्यात उन्हाळ्यात मुले डुंबतात. सभोवतालची दाटी तशीच आहे. पुन्हा सांगतो, दाटी तशीच आहे आणि बागही आहे.

घरापासून ३०० मीटरांच्या आत किमान अर्ध्या हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने सुचवले आहे. मात्र जिथे गवतावर पाऊल ठेवायला बंदी असते, तिला मी तरी बाग मानत नाही.

आणखी एक गोष्ट. वाहनतळासाठी तळघर थेट हद्दीपर्यंत खणले, की वर मातीचा पातळ थर उरतो. त्यात हिरवळ वाढते, पण सावली देणारे मोठे झाड मूळ धरत नाही. म्हणून आपल्या शहराचा नवा आराखडा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा मोकळ्या जागेच्या क्षेत्रफळाबरोबरच तिच्याखाली माती आहे की काँक्रीट, हेही लेखी विचारावे.