कमी आलेला आकडा

मंडळी, रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपली नजर आधी वाढलेल्या आकड्यांवर जाते. साखर वाढली का, कोलेस्टेरॉल वाढलं का? मी आज कमी आलेल्या आकड्याबद्दल बोलणार आहे. इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रतिपिंडांच्या, तपासणीत पुष्कळदा आजार त्या 'कमी'तच असतो आणि नेमका तोच नजरेतून सुटतो.

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ साली ८ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. न्यूमोकोकस जंतू त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा भिनत होता. त्याच्या सीरमचं इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे विजेच्या दाबाखाली त्यातली प्रथिनं वेगवेगळी केली, तर गॅमा ग्लोब्युलिनची जागा रिकामी! प्रतिपिंडं असतात ती नेमकी याच भागात. ब्रूटननी बाहेरून गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शनं सुरू केली आणि त्या मुलाची ती गंभीर आजारपणं थांबली. प्रयोगशाळेतल्या एका तपासणीनं आजार सापडला आणि उपायही दाखवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. या आजारामागचा जनुक मात्र १९९३ साली सापडला.

आता आमच्याकडे लॅबमध्ये काय चालतं ते सांगतो. नमुना साध्या ट्यूबमध्ये येतो. रक्त गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं पिवळसर सीरम घ्यायचं. आयजीजी, आयजीए आणि आयजीएम हे इम्युनोग्लोब्युलिनचे प्रकार. सीरम पातळ करून त्यात यांपैकी एकाला चिकटणारं द्रव्य, म्हणजे अँटिसीरम, घालतात. दोन्ही एकमेकांना चिकटली की द्रावण किंचित गढूळ होतं. त्यावर प्रकाश सोडून तो किती विखुरतो हे यंत्र मोजतं आणि त्यावरून आकडा काढतं. याला नेफेलोमेट्री म्हणतात. नमुना जेवणानंतर लगेच घेतलेला आणि चरबीनं दुधाळ असेल तर तोच दुधाळपणा यंत्राला फसवू शकतो.

दुसरी फसगत जास्त धोक्याची. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आयजीजी कधी कधी प्रचंड वाढतं. अँटिसीरम पुरत नाही, मोठे पुंजके बनत नाहीत, प्रकाश कमी विखुरतो आणि खूप वाढलेला आकडा चक्क कमी दिसतो. अशा वेळी जाणता टेक्निशियन एकूण प्रथिनांचा आकडा बघतो. प्रथिनं दर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम, म्हणजे खूपच जास्त, आणि आयजीजी साधारण, हे जुळतच नाही. काही नमुन्यांत तर सीरम इतकं दाट असतं की पिपेटच्या टोकाशी पाकासारखी तार धरतं. मग नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावायचा. यंत्रात यासाठी सोय असते, पण माणसाच्या नजरेला मी जास्त मानतो.

आता लहान मुलांकडे वळतो, कारण माझी खरी कळकळ तिथे आहे. आईचं आयजीजी वारेतून बाळाला मिळतं. जन्मानंतर ते ओसरत जातं आणि बाळाचं स्वतःचं हळूहळू तयार होतं. म्हणून तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास आकडा सगळ्यात खाली असतो. चार महिन्यांच्या बाळाचं आयजीजी दर १०० मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम आलं तर घाबरायचं कारण नाही. तेच २५० चार वर्षांच्या मुलात आलं तर गप्प बसून चालत नाही. पण रिपोर्टवर मोठ्यांचीच मर्यादा, साधारण ७०० ते १६००, छापली असेल तर दोघांपुढेही 'कमी' एवढंच उमटतं. निरोगी बाळाचे आईबाप धास्तावतात आणि खऱ्या आजारी मुलाचा 'कमी' त्याच गर्दीत हरवतो. वयाप्रमाणे मर्यादा न छापता रिपोर्ट बाहेर जाऊ देणं मला तरी गैर वाटतं.

खरंच प्रतिपिंडं कमी असलेलं मूल घरी कसं दिसतं? पहिले काही महिने ठणठणीत. मग कान वाहतो, न्यूमोनिया होतो, अँटिबायोटिकनं बरा होतो, पुन्हा होतो. कोणी म्हणतं दृष्ट लागली, कोणी म्हणतं मूळचंच नाजूक आहे. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला तर ही तपासणी करा असं डॉक्टरांना सांगायला संकोचू नका. पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब जिवंत लशीचे असतात आणि प्रतिपिंडं नसलेल्या मुलाला ते धोक्याचे ठरू शकतात, म्हणूनही निदान लवकर हवं. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथे या जन्मजात आजारांवर काम चालतं.

एक स्वस्त खूण तुमच्या घरातल्या जुन्या कागदांतही सापडेल. लिव्हरच्या तपासणीत एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन असतात. मोठ्या माणसाचं ग्लोब्युलिन २ ग्रॅमच्या खाली असेल आणि इन्फेक्शन पाठ सोडत नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिन मोजायला हवीत. कारण जन्मजातच असेल असं नाही. लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना कमी करणारं रिटक्सिमॅबसारखं औषध झालं असेल, तरी आकडा उतरतो.

उपचार सुरू झाल्यावरची एक गोष्ट. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन तीन-चार आठवड्यांनी देतात, कारण आयजीजीचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे २१ दिवसांचं. रक्त घ्यायचं ते पुढचा डोस चढवण्याआधी. डोसनंतर लगेच घेतलं तर नुकतंच चढवलेलं, रक्तदात्यांकडून आलेलं आयजीजी मोजलं जातं आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. म्हणून लॅबच्या फॉर्मवर शेवटच्या डोसची तारीख लिहा. फॉर्ममध्ये जागा नसेल तर वरच्या कोपऱ्यात लिहा.