स्कूबा करताय? वर येताना दम धरू नका

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीत स्कूबाच्या बोटी पुन्हा सुरू होतात. पाण्यात उतरण्याआधी लोक हमखास विचारतात, ‘शार्क नाहीत ना हो?’ भीती बाळगायचीच तर माशांची नको, वर येण्याची बाळगा.

गंमत म्हणजे, विहिरीत मुटके मारून पोहायला शिकलेल्या माणसालाच इथे जास्त सांभाळावं लागतं. छाती भरून घ्यायची, बुडी मारायची आणि दम धरून वर यायचं, ही त्याच्या अंगात मुरलेली सवय. विहिरीत ती चालते, कारण हवा काठावर घेतलेली असते. खाली ती दबते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. स्कूबात पाठीवरच्या टाकीतली हवा मात्र आपण खाली, दाबाखाली घेतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. तिथे छातीत घेतलेली ३ लिटर हवा वर येईस्तोवर ६ लिटर होऊ पाहते. दम धरलात तर तिने जायचं कुठे? फुप्फुस फाटतं, बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल तर दीड-दोन मीटर वर येणंही त्याला पुरतं. तेव्हा श्वास चालूच ठेवायचा. तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं साधन, सुटलंच, तर ‘आऽऽ’ करत हवा सोडत राहायची.

३० मीटरवरून २० वर येताना हवा एक तृतीयांशाने फुगते, शेवटच्या १० मीटरांत मात्र दुप्पट होते. आणि वरचा उजेड दिसून घाई सुटते तीही तिथेच! तरंगणं सांभाळायला अंगात हवा भरायचं जॅकेट असतं, त्यातली हवाही फुगते, ती वेळीच सोडली नाही तर जॅकेटच तुम्हाला वर खेचतं. आणखी एक: पाण्याखाली अंगठा वर केला की ‘मस्त चाललंय’ नव्हे, ‘मला वर न्या’. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा.

आता बेंड्स, म्हणजे डीकम्प्रेशन सिकनेस. दाबाखाली नायट्रोजन अंगात मुरतो. झटकन वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. मालवणात इन्स्ट्रक्टरचा हात धरून काही मिनिटं उथळ पाण्यात फिरणाऱ्याला हा धोका फार कमी. पण कोर्स करून कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर किंवा अंदमानात १८ मीटरपर्यंत जाणार असाल, तर मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. हे टप्प्याटप्प्याने वर येणं हाल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये मांडलं.

विमान? उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून अंगात उरलेल्या नायट्रोजनचे तिथेही बुडबुडे होऊ शकतात. एका डायव्हनंतर निदान १२ तास थांबा, एकाहून जास्त किंवा रोज डायव्ह केल्या असतील तर १८. घाटाचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे, आणि ६०० मीटरच्या वर गाडीने चढणंही विमानप्रवासासारखंच धरतात. दिवसभर डायव्ह करून त्याच रात्री घाट चढून बेळगाव गाठू नका.

डायव्हनंतर काही तासांत खांदा किंवा कोपर ठणकायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या, तर ते बेंड्स असू शकतात; ‘बोटीत अवघडलो असेन’ म्हणून मलम चोळत बसू नका. आडवे व्हा, शुद्ध ऑक्सिजन घ्या, लगेच दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी जा. किती खोल गेलो, किती वेळ होतो आणि किती वाजता वर आलो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. साध्या अंगदुखीवर औषध देताना कुणी ते विचारणार नाही.