तू ख्रिश्चन की कॅथलिक?

(संध्याकाळ. गोव्यात बार्देश तालुक्यातला एक वाडा, म्हणजे गावातली वस्ती. खुरसाभोवती, म्हणजे क्रॉसभोवती, लोक जमतायत.)

मे महिना, साडेसहा वाजून गेलेत आणि वाड्यावरच्या ह्या खुरसाला आजच चुना काढलाय, खालच्या पायरीवर तो अजून ओला दिसतोय बघा. झेंडूचे हार, मेणबत्त्या, व्हायोलिन काखेत मारून आलेले एक काका, आणि ह्या प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्यातल्या अर्ध्या आमच्यासारख्या शेजारच्या हिंदू घरांतून आल्यात. आता लादीन सुरू होणार. लादीन म्हणजे सायबिणीची, येशूच्या आईची, मरियेची एकेक बिरुदं गायची. शब्द लॅटिन. इथे जमलेल्यांत लॅटिन येणारं कोणी सापडणं कठीण, पण दर ओळीनंतर सगळे एका सुरात जे म्हणतात ना, ते जरा लक्ष देऊन ऐका.

ओरा प्रो नोबिस. ओरा प्रो नोबिस.

मी ह्याच वाड्यावर वाढलो. लहानपणी आम्हाला ह्यातलं आकर्षण एकच, लादीन संपल्यावर मिळणारे उकडलेले चणे, त्यामुळे त्या तीन शब्दांचा अर्थ विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही. पुढे शिकायला पुण्याला गेलो, तिथे वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं, तुझे ते शेजारी ख्रिश्चन आहेत की कॅथलिक? मला प्रश्नच कळला नाही. म्हणजे काय? कोणी विचारावं की हा आंबा आहे की मानकुराद? पण तो मनापासून विचारत होता, त्याच्या चर्चमध्ये तसंच शिकवलं होतं, की कॅथलिक लोक मरियेची पूजा करतात, मूर्तीपुढे गुडघे टेकतात, पोपचं ऐकतात, म्हणून ते खरे ख्रिश्चन नव्हेत. सुट्टीत घरी आलो आणि शेजारच्या आंटीला मी हे जसंच्या तसं सांगितलं, त्या वयात अक्कल कमीच असते. तिने हातातली तेर्स, म्हणजे जपमाळ, मांडीवर ठेवली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

हा व्हिडिओ तिथून सुरू झाला.

(नकाशा. सिरियाचा किनारा, मग गोवा.)

आधी शब्दांपासून सुरू करू कारण सगळा घोळ शब्दांतच आहे. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये म्हणून पुस्तक आहे, त्याच्या अकराव्या अध्यायात लिहिलंय की शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा जुन्या सिरियातल्या अंत्युखिया शहरात मिळालं. आणि कॅथलिक हा शब्द चर्चसाठी वापरलेला सगळ्यात जुना जो कागद आपल्याला सापडतो तो कोणाचा? इग्नेशियस नावाच्या बिशपचा, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याला शिक्षेसाठी रोमला नेत होते तेव्हा वाटेत लिहिलेलं पत्र. आणि हा इग्नेशियस बिशप कुठला, तर त्याच अंत्युखियाचा! म्हणजे दोन्ही शब्द एकाच गावच्या मातीतले. कॅथलिक हे ग्रीकमधून आलं, अर्थ सार्वत्रिक, सगळ्यांचं. पुढे ३२५ साली निकेयात आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला जी श्रद्धेची कबुली ठरली तिच्यात एक, पवित्र, कॅथलिक चर्च असं सरळ आहे, आणि आजही रोमपासून पुढे वेगळी झालेली अँग्लिकन, लुथेरन मंडळी ती कबुली म्हणतात, त्या शब्दासकट.

मग भांडण कुठून आलं? १०५४ साली पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी आणि रोम वेगळे झाले, त्याच्यात आपण शिरत नाही. आपल्या कामाची तारीख १५१७. जर्मनीत मार्टिन लुथर ह्या संन्याशाने ९५ मुद्दे मांडले, पापक्षमेच्या चिठ्ठ्या पैसे घेऊन वाटल्या जात होत्या त्यावरून सुरुवात झाली, आणि राग अगदी रास्त होता हे आज कॅथलिक पण मान्य करतात. पण गोव्याच्या बाजूने बघा, पोर्तुगीज इथे आले १५१० मध्ये. म्हणजे गोव्यात पहिली मीस, चर्चमधली मुख्य उपासना, झाली तेव्हा रोमपासून फुटलेल्यांसाठीचा प्रोटेस्टंट हा शब्दच जन्माला आला नव्हता. त्या दिवशी इथे कोणी विचारलं असतं, तू ख्रिश्चन की कॅथलिक, तर पाद्रीबाबाला पण प्रश्न कळला नसता, जसा मला पुण्यात कळला नाही.

(रायतूर. टेकडीवरची सेमिनरी, ड्रोनने. खाली झुआरी.)

हे रायतूर, राशोल. हा शॉट मी मुद्दाम लांब ठेवलाय. इथे १६१६ साली एक ग्रंथ छापला गेला, क्रिस्तपुराण. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, आपल्याकडे फादर स्तिफन्स म्हणतात, जेझुइट ह्या कॅथलिक संघाचा पाद्री, जन्माने इंग्रज. ग्रंथ कुठल्या भाषेत, तर मराठीत, ओवीत, आणि ओव्या जवळजवळ अकरा हजार. छपाई रोमन लिपीत झाली कारण मराठीचे खिळे नव्हते. आता ह्याची गोष्ट ऐका. इंग्लंड तेव्हा प्रोटेस्टंट झालं होतं, तिथे जेझुइट पाद्री असणं १५८५ च्या कायद्याने देहदंडाचा गुन्हा ठरला. स्टीफन्स त्याच्याआधी निघाला होता, १५७९ मध्ये गोव्यात उतरला, चाळीस वर्षं गोव्याच्या साष्टीत काढली, गोव्यातच वारला. ज्याला त्याच्या देशात कॅथलिक म्हणून राहणं शक्य नव्हतं त्याने आपल्या भाषेत येशूची गोष्ट सांगितली. विल्यम कॅरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार आला १८११ साली, म्हणजे रायतूरनंतर १९५ वर्षांनी. मग मराठीत येशूचं नाव ज्यांनी एवढं आधी ओवीत गुंफलं ते ख्रिश्चन नव्हेत असं मराठी माणसानेच म्हणायचं? मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही.

त्या १६१६ च्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती लागत नाही, नकला करून ठेवलेल्या पोथ्या राहिल्या म्हणून ग्रंथ वाचला. त्यामुळे दाखवायला आपल्याकडे इमारतच आहे. इमारत बघा.

(गोवा वेल्हा. संतांच्या मूर्ती खांद्यावर. गर्दी.)

आणि आता जो मुद्दा सगळ्यात जास्त टोचतो तो. ही गोवा वेल्हाची मिरवणूक, सेंट अँड्र्यू चर्चपासून, ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी. एकामागून एक संत, माणसांच्या खांद्यावर, कपडे चढवलेले, दिवे लावलेले. विरोध करणारे म्हणतात बघा, निर्गम पुस्तकात दहा आज्ञांमध्ये स्पष्ट सांगितलंय की कोरीव मूर्ती करू नकोस, तिच्या पाया पडू नकोस, आणि हे काय चाललंय? प्रश्न खोटा नाहीये. त्यांची दुसरी ओळ तीमथ्याच्या पहिल्या पत्रातली, की देव आणि माणसांमध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, तर मग ही मरिया, हा संत आंतोन, हा संत फ्रान्सिस मध्ये कशाला?

कॅथलिकांचं उत्तर असं. त्याच निर्गम पुस्तकात थोडं पुढे देवानेच कोशावर, आज्ञा ठेवायच्या पेटीवर, सोन्याचे दोन करूब, पंखवाले देवदूत, घडवायला सांगितलेत, गणना पुस्तकात पितळेचा साप करायला सांगितलाय, म्हणजे मूर्ती घडवणं हा गुन्हा नाही, तिला देव मानणं हा गुन्हा. आणि ७८७ साली निकेयातच दुसऱ्यांदा परिषद भरली तेव्हा लेखी ठरलं की आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मिळतो तो मान, आणि तो मान प्रतिमेला नाही, जिची प्रतिमा तिला पोचतो. घरात आजोबांच्या फोटोला हार घालणारा माणूस काय कागदाची पूजा करतो?

पण मला स्वतःला ह्या सगळ्या परिषदांपेक्षा ते तीन शब्द जास्त पटतात. ओरा प्रो नोबिस. मोठा झाल्यावर एकदाचा अर्थ विचारला. आमच्यासाठी प्रार्थना कर. बस. आम्हाला दे, असं नाही. आम्हाला वाचव, असंही नाही. तू देवाजवळ आहेस तर आमच्यासाठी दोन शब्द टाक. आंटी मला परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगायची की मी तुझ्यासाठी तेर्स करीन, तेव्हा मी तिला देव मानलं नाही, तिनेही मरियेला मानलं नाही, तिने मरियेला तेच सांगितलं जे मी तिला सांगितलं होतं. आता मेलेल्या माणसाला असं सांगता येतं का, ह्यावर प्रोटेस्टंट नाही म्हणतात आणि कॅथलिक म्हणतात देवाजवळ कोणी मेलेलं नसतं. हा मतभेद खरा आहे, मोठा आहे. पण मतभेद आहे म्हणून समोरचा ख्रिश्चनच नाही?

(म्हापसा. मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त. तेलाच्या बाटल्या, लांब रांग.)

हे म्हापशाचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी सोमवारी, सेंट जेरोम चर्च. रांगेतल्या बायका बघा, कुंकू लावलेल्या, हातात तेल. आमच्याकडे सांगतात की शिरगावची लईराई देवी आणि ही मिलाग्रीस बहिणी-बहिणी, सात बहिणींतल्या. जे लोक कॅथलिकांना ख्रिश्चन मानत नाहीत ते हे फुटेज दाखवून म्हणतील बघा, पुरावा! मी उलट म्हणेन की तेल घेऊन आलेली बाई हिंदू आहे, ती तिच्या भक्तीने आलीये, आणि आतमध्ये वेदीवर जी मीस चाललीये ती येशूचीच आहे, तिच्यात बायबलचं वाचन आहे, आमच्या बापा ही येशूने शिकवलेली प्रार्थना आहे, भाकर आणि द्राक्षारस आहे. दारातल्या रांगेवरून वेदीची परीक्षा कशी करणार?

(२ नोव्हेंबर. सिमितेर, म्हणजे दफनभूमी. मेणबत्त्या.)

अजून दोन मुद्दे आहेत, ते पटकन सांगतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या ६६, आणि ज्या सातांवर वाद त्यातल्या एकात, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचं येतं, म्हणून ह्या मेणबत्त्या. दुसरा मुद्दा तारणाचा. इफिसकरांच्या पत्रात आहे की तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही, आणि याकोबाच्या पत्रात आहे की माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो. ह्या दोन ओळींवरून युरोप फाटला. आणि १९९९ साली ३१ ऑक्टोबरला, लुथरने मुद्दे मांडले त्याच तारखेला, जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथेरन जागतिक संघ ह्यांनी सही करून सांगितलं की ह्या विषयाच्या गाभ्यावर आमचं एकमत आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट पण त्यात आले. ज्या कारणासाठी वेगळे झाले ते कारण मोठ्या प्रमाणात मिटलं आणि ही बातमी आमच्या वाड्यापर्यंत पोचलीच नाही.

मग आज नाही कोण म्हणतं? काही इव्हँजेलिकल, बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळी, सगळे नाहीत. गोव्यात त्यांना बिलिव्हर्स म्हणतात. त्यांच्या मते माणूस ख्रिश्चन जन्मत नाही, लहानपणी डोक्यावर पाणी घातलं म्हणून होत नाही, मोठेपणी स्वतः येशूला स्वीकारून नव्याने जन्मावा लागतो. ह्यात एक कळकळ आहे, मी ती नाकारत नाही. पण ह्या मोजमापाने अँग्लिकन, लुथेरन, ऑर्थोडॉक्स घरांत जन्मलेले किती जण उरतात ते पण बघावं.

कॅथलिकांनी पण कमी केलं नाही, लुथरनंतर भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेत विरोधी मतांना शाप दिले, आणि ह्याच गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडून, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं, खरा ख्रिश्चन कोण हे ठरवायलाच. माणसं त्यात गेली. आणि आज एकाच घरात आई इगर्जीला, म्हणजे कॅथलिक चर्चला, आणि मुलगा बिलिव्हर्सकडे, लग्नं अडतात, घरात कोणी वारलं की दफन कुठे ह्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. हे चेहरे बघा.

(चेहरे. आवाज नाही.)

(जुनं गोवं. से कॅथेड्रल. आत, बाप्तिस्म्याचं कुंड.)

हे से कॅथेड्रल, सांता कातारीनाचं, बांधायला घेतलं १५६२ मध्ये. समोर बॉम जेझूस, जिथे गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, शव आहे, तिथली गर्दी आपण सगळ्यांनी बघितलीये, म्हणून मी कॅमेरा इकडे आणलाय. हे दगडी कुंड जुन्या कॅथेड्रलातलं, १५३२ चं, आणि फ्रान्सिस झेवियरने इथेच बाप्तिस्मे दिले असं सांगतात.

कुंड का दाखवतोय सांगतो. १८४५ साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन सभेने ठराव केला की कॅथलिकांचा बाप्तिस्मा चालणार नाही. त्याच चर्चचे चार्ल्स हॉज, प्रिन्स्टनचे, रोमच्या शिकवणुकीचे कडक टीकाकार, त्यांनीच ह्या ठरावाविरुद्ध लिहिलं. त्यांचं म्हणणं, पाणी आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव आहे, तर तो ख्रिस्ती बाप्तिस्मा आहे. आणि उलट बाजूने, लुथेरन किंवा अँग्लिकन माणूस कॅथलिक व्हायला आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत, झालेला मोजतात. जनगणनेत तर रकाना एकच, २०११ मध्ये गोव्यात २५ टक्के ख्रिश्चन, त्यात आंटी पण आणि बिलिव्हर पण.

(पुन्हा वाडा. रात्र. लादीन संपलीये.)

पुण्याच्या त्या मित्राला मी ह्या वर्षी लादिनीला बोलावलं. तो आला. गायला नाही, गुडघे टेकले नाहीत, मागे उभा राहिला, आणि मी पण आग्रह केला नाही. शेवटी आमच्या बापा सुरू झालं, कोकणीत, तेव्हा चाल ओळखून तो मराठीत म्हणायला लागला, हे आमच्या स्वर्गातील पित्या. हा आवाज त्याचाच आहे, डावीकडे, जरा मागून येतोय.

आंटी चण्याची पळी घेऊन त्याच्याकडे चाललीये.